सारायेवोची कविता दादरला वाचायची तर

बॉस्नियातलं युद्ध १९९२ ते १९९५ चाललं. तोवर जिला सर्बो-क्रोएशियन म्हणत, त्या भाषेची बॉस्नियन, क्रोएशियन, सर्बियन अशी वेगळी नावं पुढे पक्की झाली. बोलणं एकमेकांना आजही कळतं, पण कोण कुठला शब्द उचलतो याकडे कान असतो. तिथल्या कवितेचा अनुवाद करायला बसताना तोच कान हवा.

अशा कविता मिळून वाचायच्या आणि मराठीत आणायच्या बैठकीला दोनच कविता घ्या, वीस-पंचवीस ओळींच्या. माणसं आठ-दहा, वेळ दीड तास. रविवारी मेगाब्लॉक, म्हणून शनिवारी संध्याकाळी, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली बघा.

हातात द्यायच्या पानावर मूळ ओळ, खाली देवनागरीत उच्चार आणि त्याखाली रिकामी जागा. इंग्रजी अनुवाद मिळाले तर दोन घ्या, पण ते शेवटी वाटा. कारण कॉफीला बॉस्नियात 'काह्वा'ही म्हणतात आणि 'काफा'ही, क्रोएशियात 'कावा', सर्बियात 'काफा'. इंग्रजीत सगळ्यांची कॉफी होते आणि कवीने मुद्दाम राखलेला 'ह' उडतो. पावाचं तसंच: 'क्रूह' क्रोएशियन वळणाचा, 'ह्लेब' सर्बियन, बॉस्नियात 'क्रूह' आणि 'ह्ल्येब' दोन्ही चालतात.

पहिल्यांदा मूळ कविता ऐका, रेकॉर्डिंग असेल तर लावून. दुसऱ्या वाचनात तुर्कीतून आलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. इथे मराठी माणसाची चंगळ आहे. दुश्मान, दुचान, माहाला, बाश्चा, दुन्यालुक: आपले दुश्मन, दुकान, मोहल्ला, बगीचा, दुनिया. तिकडे ते ऑटोमन तुर्कांच्या राजवटीतून गेले, इकडे फारसीतून आले. तिथे शत्रू, उद्यान, विश्व लिहिलंत की कविता थेट सदाशिव पेठेत जाऊन बसते.

फसगतही इथेच होते. 'हाय्वान' म्हणजे जनावर, गुरंढोरं. आपला हैवान नव्हे. 'सेव्दाह'चा आपल्या खरेदी-विक्रीच्या सौद्याशी संबंध नाही. मूळ अरबी शब्द काळ्या पित्ताचा, तुर्कीत तो प्रेमाचा झाला, बॉस्नियात प्रेमातल्या झुरण्याचा. 'विरह' घातला तर अर्थ आखडतो, कारण माणूस समोर असतानाही सेव्दाह असतो. 'हुरहुर' जवळची. आणि एका तुर्की शब्दावरून कवी मुसलमान असं ठरवू नका, 'दुचान' क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्येही म्हणतात. असे शब्द कुठल्या ओळीत दाटतात ते बघा. कवी बहुधा तिथेच काही सांगत असतो.

राख आली की लगेच अलंकार समजू नका. २५ ऑगस्ट १९९२च्या रात्री तोफगोळ्यांनी बॉस्नियाच्या राजधानीतल्या, सारायेवोतल्या वियेच्नित्सा इमारतीतलं राष्ट्रीय ग्रंथालय पेटलं आणि जळक्या पानांची राख खरोखर शहरावर पडली. 'राख' साधीच ठेवा, भस्म करू नका.

ओळीतली अक्षरं बोटांवर मोजा. दहा भरली आणि चौथ्यानंतर थांबा आला, तर तो वीरगीतांचा जुना छंद. युद्धानंतरचा कवी तो सरळ मनाने वापरतो की टोमणा मारायला, हे आधी ठरवा. पोवाड्याची चाल दोन्हींना बसते, पण टोमण्यात शेवटचा शब्द घसरायला हवा.

मराठी मसुदा अनुवादकाने वाचू नये, दुसऱ्याला द्यावा. तो अडखळतो तिथे खूण करा. कवी हयात असेल तर फेसबुकवर टाकण्याआधी लेखी परवानगी मागा, आणि मागताना सोबत मराठी ओळींचे उच्चार रोमन लिपीत पाठवा, म्हणजे त्यालाही आपली कविता तोंडात घोळवता येईल.