सीओओ नेमलात, तरी फोन तुम्हालाच येतोय? या चुका टाळा

कंपनी तीस माणसांवरून दीडशेवर गेली की मालकाचा फोन थांबत नाही. गाडी अडकली, ग्राहक चिडला, दोन खात्यांत जुंपली, सगळं त्याच्याच डोक्यावर. मग कुणीतरी सुचवतं, सीओओ आणा, म्हणजे रोजचा कारभार सांभाळणारा चीफ ऑपरेटिंग ऑफिसर. तो येतो आणि वर्षभरात राजीनामा देऊन मोकळा होतो. 'माणूसच चुकीचा निघाला,' म्हणतात. माझ्या मते बहुतेकदा चूक तो येण्याआधीच झालेली असते.

पहिली चूक अशी. सीओओ काय करणार याची दोन पानी यादी तयार असते. मालकाने उद्यापासून काय करायचं नाही, याची मात्र एक ओळही नसते. भोसरीतल्या एका कारखान्यात मी हे जवळून पाहिलं. खरेदी, उत्पादन, डिस्पॅच सगळं नव्या माणसाकडे दिलेलं. पण गाडी सोडताना डिस्पॅचचा पोरगा म्हणायचा, 'थांबा, साहेबांना विचारून घेतो.' आणि साहेब, म्हणजे मालक, उत्तर द्यायचे! तिथेच सीओओ नामधारी झाला. अशा वेळी मालकाने एवढंच विचारायचं, 'सीओओंना विचारलंस का?' पहिले तीन महिने हे फार जड जातं. दुसऱ्या खेपेला, म्हणजे पुढचा सीओओ आणल्यावर, याच मालकाने डिस्पॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून स्वतःला काढून घेतलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

किती रकमेपर्यंतची खरेदी त्याच्या सहीने होईल, माणूस घ्यायचा-काढायचा अधिकार कुणाचा, हे लेखी द्या. 2013च्या कंपनी कायद्यात प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांच्या व्याख्येत सीईओ, सीएफओ (आर्थिक बाजू सांभाळणारा प्रमुख), कंपनी सेक्रेटरी नावानिशी आहेत, सीओओ नाही. म्हणजे तुम्ही द्याल तेवढाच त्याचा अधिकार.

दुसरी चूक, मोठ्या कंपनीची पाटी बघून माणूस उचलणं. टिम कुक 1998मध्ये अ‍ॅपलमध्ये आले ते माल-पुरवठ्याची घडी बसवायला. सीओओ झाले 2005मध्ये. शेरिल सँडबर्ग 2008मध्ये फेसबुकच्या सीओओ झाल्या, त्यांच्यापुढचं काम जाहिरातींतून कमाई उभी करण्याचं होतं. पद एक, कामं दोन टोकांची. तुमचं दुखणं वसुलीचं असेल, तर उत्पादनातला तज्ज्ञ आणून काय उपयोग?

रोजच्या तीन-तीन तासांच्या मीटिंगांबद्दल वेगळं काय सांगायचं? वेळेवर गेलेला माल, रिजेक्शन म्हणजे नापास झालेला माल, थकलेली वसुली, एवढे आकडे आठवड्यातून एकदा समोर आले तरी पुष्कळ झालं.

आणि पुढचं पद. इन्फोसिसमध्ये नीलेकणी, गोपालकृष्णन, शिबुलाल हे तिघेही सीईओ होण्याआधी सीओओ होते. त्यामुळे येणारा माणूस मनातल्या मनात तोच हिशोब मांडतो. गादीवर तुमची मुलगी किंवा मुलगाच बसणार असेल, तर मुलाखतीतच तसं सांगा. कारखान्यात ते सगळ्यांना माहीत असतं, अगदी गेटवरच्या वॉचमनलाही. माहीत नसतं ते फक्त या नव्या माणसाला.