जुना गीझर: दुरुस्त करावा की बदलावा?

गीझर बिघडला की मेकॅनिक झाकण उघडायच्या आधीच निकाल देतो: "जुना झालाय, नवीनच घ्या." कधी कधी ते खरंही असतं. पण बाथरूममधल्या साध्या इलेक्ट्रिक गीझरमध्ये बिघडण्यासारखं असतं तरी किती? पाणी तापवणारी कॉइल, थर्मोस्टॅट, पाणी अति तापलं तर वीज तोडणारा कटआउट, सेफ्टी व्हॉल्व्ह, टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड आणि खुद्द टाकी. टाकी सोडून बाकी सगळं बदलून मिळतं. नेहमीच्या कंपन्यांचे पार्ट मुंबईतल्या लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, सहज सापडतात. तेव्हा आधी टाकी शाबूत आहे का ते पाहा, पैशांचा हिशेब नंतर.

1. गळती नेमकी कुठून?

एमसीबी खाली करा, गीझर आणि पाइप जुन्या फडक्याने कोरडे पुसा आणि मोबाइलच्या टॉर्चने खालून बघत राहा. दहा-पंधरा मिनिटांत पहिला थेंब कुठे धरतो ते दिसतं. पाइपच्या आट्यांवर धरला तर वॉशर किंवा टेफ्लॉन टेपचं काम. कॉइल बसवलेल्या प्लेटच्या कडेने आला तर गॅस्केट गेलं आहे, तेही किरकोळ. बाहेरच्या कव्हरच्या सांध्यातून किंवा वायर आत जाते त्या भोकातून पाणी येत असेल, तर मात्र आतली टाकी फुटल्याची शक्यता मोठी. गॅस्केटचंच पाणी फिरून तिथे आलेलं नाही ना, एवढी खात्री झाकण काढायला लावून करून घ्या. आतून काचेसारखा लेप असलेल्या लोखंडी टाकीला वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा लेप जळतो आणि काही दिवसांनी शेजारीच नवं भोक पडतं. त्यावर पैसे घालवू नका.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात, त्याला मात्र गळती समजू नका. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर गेलं की फुगून सुमारे 200 मिली जास्त जागा मागतं. एवढं पेलाभर पाणी बाहेर येणं म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. थेंब पडतात म्हणून तिथे बूच मारणं धोक्याचं. गीझर बंद असतानाही धार चालू राहिली, तर व्हॉल्व्ह बदला आणि इमारतीतला पाण्याचा दाब तपासून घ्या.

2. गरम पाणी लालसर येतं का?

पांढऱ्या बादलीत आधी थंड, मग गरम पाणी घ्या. दोन्ही लाल असेल तर दोष पाइपचा किंवा सोसायटीच्या टाकीचा. फक्त गरम लाल असेल तर मॅग्नेशियमचा रॉड संपून टाकी गंजायला लागली आहे. रॉड वेळेवर बदलला तर टाकी पुष्कळ टिकते, पण गंज दिसू लागल्यावर तो घालून फारसा उपयोग नाही. मुंबईच्या तलावांच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून इथले गीझर बरे टिकतात. टँकर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांत कॉइलवर पांढरा थर चढतो. पाणी तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि आतून किटलीसारखा आवाज येतो. त्यावर सफाई हाच उपाय, नवा गीझर नव्हे.

3. तापतच नाही, किंवा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो

दोन किलोवॉटच्या चांगल्या कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर 26 ओहमच्या आसपास दिसतो. मीटरवर काहीच आलं नाही तर कॉइल तुटली. ईएलसीबी पडत असेल तर बहुधा कॉइलला तडा जाऊन करंट पाण्यात उतरतोय. काही जण "ईएलसीबीच काढून टाका" असा सल्ला देतात. अशा माणसाला पुन्हा घरात घेऊ नका. कॉइल बदला, आणि जुन्या इमारतीत राहत असाल तर अर्थिंग आणि 16 अँपियरचा पॉइंटही तपासून घ्या.

4. आता पैशांचं

टाकीची वॉरंटी बहुतेक 5 ते 7 वर्षांची असते, इतर भागांची त्याहून कमी. टाकी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला फोन. वॉरंटी संपली असेल आणि दुरुस्ती नव्या गीझरच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बसत असेल तर मी दुरुस्तच करीन. त्यापुढे गेली, किंवा एका वर्षात दुसऱ्यांदा खर्च निघाला, तर नवा.

"नवा घेतला की विजेचं बिल उतरेल" हे एसीच्या बाबतीत पटतं, इथे तितकंसं नाही. कॉइल जुनी असो वा नवी, 15 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला साधारण 0.6 युनिट लागतंच. पाच स्टारचा फायदा टाकीतली उष्णता टिकवण्यात आहे, म्हणजे तो दिवसभर चालू ठेवणाऱ्यांना. आंघोळीपुरतं बटण दाबणाऱ्यांना फरक थोडाच पडतो.

5. या दोन ठिकाणी घासाघीस नको

रीडेव्हलपमेंटनंतर टॉवरमध्ये जाताना जुना गीझर सोबत नेणार असाल तर त्याच्या प्लेटवरचा प्रेशरचा आकडा वाचा. गच्चीवरच्या टाकीपासून खाली दर 10 मीटरला सुमारे 1 बार दाब वाढतो. चाळीच्या किंवा तीन मजली इमारतीच्या दाबावर आयुष्य काढलेली टाकी टॉवरमध्ये फुटू शकते. उंच इमारतींसाठी 8 बारचा गीझर घेतात.

दुसरा गॅस गीझर. ज्योत निळीऐवजी पिवळी, वर काजळी, आणि गीझर बाथरूमच्या आतच? मग दुरुस्तीचा विचार नंतर, आज वापर थांबवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आपल्याकडच्या बाथरूमना धड खिडकी नसते. नवा घ्याल तेव्हा तो बाहेर मोकळ्या हवेत बसवा. सिलिंडरवरून पाइप गॅसवर आला असाल तर जेटही (गॅस सोडणारं बारीक तोंड) त्याच गॅसचा हवा.

नवा इलेक्ट्रिक गीझर बसवताना जुने कनेक्शन पाइप परत लावू देऊ नका, आणि हुकाचं भोक पोकळ विटेत गेलं नाही ना ते बघा: भरलेल्या 15 लिटरच्या गीझरचं वजन 20 किलोच्या पुढे जातं. जुन्याची टाकी तांब्याची असेल तर एक्स्चेंजमध्ये देण्याआधी भंगारवाल्याकडे भाव विचारा. आणि बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून सलग धार येऊ द्या. रिकाम्या टाकीत कॉइल चालू झाली तर ती पहिल्याच दिवशी जळते.