वेगवेगळ्या क्षमतांच्या मुलांसाठी घरच्या वस्तूंचा शिक्षण-कोपरा कसा उभारावा

अंगणवाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा घराच्या ओसरीवर असा कोपरा उभारताना वस्तू गोळा करण्याआधी माँटेसरी पद्धतीतली एक कसोटी मनाशी पक्की करावी: मुलाची चूक त्याला साहित्यानेच दाखवली पाहिजे. लहान डब्यावर मोठे झाकण बसत नाही, हे कोणी सांगावे लागत नाही. जिथे चूक फक्त ताईंनाच कळते, तिथे मूल वस्तूकडे बघायचे सोडून ताईंच्या चेहऱ्याकडे बघू लागते. आणि ज्याला कमी दिसते, ऐकू येत नाही किंवा समजायला वेळ लागतो, त्याच्या वाट्याला दिवसभर ‘असे नको, तसे कर’ एवढेच येते.

‘ही पद्धत विशेष मुलांना झेपेल का?’ असे पालक हमखास विचारतात. इतिहास उलटा आहे. या पद्धतीच्या जनक, इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी आपली पहिली शाळा, म्हणजे ‘बालगृह’, उघडले, पण त्यापूर्वी त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम केले होते आणि इतार व सेगाँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशाच मुलांसाठी केलेल्या प्रयोगांचा आधार घेतला होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातल्या साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. खानदेशात ज्वारी, उडीद, तूर, कापूस आणि केळी घरोघर असताना, प्लास्टिकचे महागडे संच आणून ते हरवू नयेत म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवण्यात काही अर्थ नाही.

सुरुवातीला तीन-चार कामे पुरेत. पहिले काम डब्यांच्या उतरंडीचे: स्टीलचे पाच वेगवेगळ्या आकारांचे डबे आणि त्यांची झाकणे वेगळी करून एका परातीत ठेवावीत. मूल झाकणे लावते, डबे एकावर एक रचते, एकात एक घालते. ज्याचे बोट झाकणाच्या कडेखाली जात नाही, त्याच्यासाठी झाकणावर कापडाची जाड मूठ घट्ट चिकटवावी.

दुसरे काम तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे. तुराट्यांचे वीतभर लांबीचे ४५ तुकडे कापावेत, साल काढून टोके पॉलिश पेपरने गुळगुळीत घासावीत आणि शून्य ते नऊ असे दहा कप्पे असलेले खोके करावे. अंकही पॉलिश पेपरचेच कापून चिकटवावेत, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला ते बोटाने गिरवता येतात. प्रत्येक कप्प्यात अंकाइतक्या काड्या घालायच्या असतात आणि शून्य ते नऊ यांची बेरीज बरोबर ४५ होते, म्हणून शेवटी काडी उरली किंवा कमी पडली तर मूल स्वतःच मागे जाऊन मोजते. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. त्यात एखादी काडी ठेवायला हात जातो आणि थबकतो, ते बघण्यासारखे असते. सात काड्या सुतळीने बांधून मुलाच्या मुठीत दिल्या, तर तीन काड्यांच्या मोळीपेक्षा त्या जाड लागतात, हे कमजोर पकडीच्या हातालाही कळते.

तिसरे काम धान्य निवडण्याचे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीसाठी ही दोन्ही धान्ये घरात असतातच. दोन्हींची एकेक मूठ ताटात मिसळून दोन वाट्यांसह द्यावी. ज्याची नजर मंद आहे, त्याला पांढऱ्या ज्वारीतला काळा उडीद ओळखणे सोपे जाते. मात्र स्टीलच्या ताटावर उजेड चमकतो, म्हणून ताटाखाली नव्हे, धान्याखालीच फिकट रंगाचे, न चमकणारे जाड कापड अंथरावे. ज्याला अजिबात दिसत नाही, त्याला उडदाऐवजी ज्वारीत हरभरा मिसळून द्यावा, कारण त्या दोहोंतला फरक चिमटीला लगेच कळतो. ज्याची बोटे आखडलेली आहेत, त्याला याच मिश्रणासाठी योग्य भोकांची चाळणी द्यावी. ज्वारी खाली पडते, हरभरा वर राहतो आणि शेजारच्या मुलाने चिमटीने केलेले काम याने दोन्ही हातांनी हलवून केलेले असते. ताट सरकू नये म्हणून खाली ओला पंचा ठेवावा आणि मुलाचे पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्यावा. पाय टेकले की हात स्थिर होतात.

जे मूल वस्तू तोंडात घालते, त्याच्या हाती हरभरा, वाटाणा किंवा शेंगदाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. त्याच्यासाठी धुऊन वाळवलेल्या आंब्याच्या मोठ्या कोयी वापराव्यात. गुंजा आणि एरंडीच्या बिया दिसायला कितीही सुंदर असल्या तरी विषारी असतात, त्या कोपऱ्यात आणूच नयेत.

काम दाखवताना हात आणि तोंड एकाच वेळी चालवू नये. ऐकू न येणारे मूल एकतर हातांकडे बघेल किंवा ओठांकडे. आधी काम दाखवावे, मग उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे बसून बोलावे. अंध मुलाचा हात धरून ओढू नये. आपला हात कामावर ठेवावा आणि त्याने आपला हात त्यावर ठेवून हालचाल समजून घ्यावी. ज्याला अनेक पायऱ्या लक्षात राहत नाहीत, त्याला शेवटची पायरी आधी द्यावी. केळे सोलायचे असेल तर देठ आपण मोडावा, साली आपण खाली आणाव्यात आणि शेवटची पट्टी तेवढी त्याने ओढावी, म्हणजे काम संपवण्याचा मान रोज त्याचाच राहतो. ती पट्टी सहज निघू लागली की त्याआधीची पायरीही त्याच्याकडे सोपवावी. बटणे लावणे, चप्पल घालणे, गोधडीची घडी करणे हे सगळे याच रीतीने जमते.

यानंतरचे अवघड काम मोठ्यांचे आहे: गप्प बसणे. मांडलेल्या कामांतून कोणते घ्यायचे आणि किती वेळा करायचे हे मुलाने ठरवावे, त्यासाठी किमान तासभर कोणी मध्ये बोलू नये, आणि काम संपल्यावर ‘शाबास’चा गजर करू नये. एखादे मूल दोन आठवडे डबेच मांडत बसले तर बसू द्यावे. मात्र ते डबे नुसते आपटत असेल, दुसऱ्याला मारत असेल, तर काम शांतपणे उचलून ठेवावे. मुलाच्या मर्जीने चालणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. प्रत्येकासाठी एक छोटी सतरंजी ठेवावी आणि जिथे सतरंजी, तिथे त्याचे काम, हा नियम सर्वांना सारखा लावावा. वस्तूंच्या जागा बदलू नयेत. दृष्टिहीन आणि स्वमग्न मुलांना त्याचा फार आधार असतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली दुपारी मोठ्यांचेही डोके चालत नाही, तेव्हा कोपरा सकाळीच चालवावा.

मूल घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलत असेल, तर वस्तूंची नावे आधी त्याच भाषेत घ्यावीत. सेगाँ यांची तीन टप्प्यांची रीत इथे उपयोगी पडते: प्रथम ‘हा उडीद’ असे सांगावे, मग ‘उडीद दे’ म्हणावे, आणि शेवटी वस्तू दाखवून ‘हे काय?’ असे विचारावे. न बोलणाऱ्या मुलासाठी दुसरा टप्पाच पुरेसा आहे. त्याने वस्तू उचलून दिली, म्हणजे त्याला कळले.

एक वही ठेवावी आणि तीत मत न लिहिता दिसले तेवढेच लिहावे: कोणते काम घेतले, किती वेळ केले, कोणता हात वापरला, कुठे अडले. ‘मतिमंद आहे’ या वाक्याचा कोणालाच उपयोग होत नाही. ‘डावीकडचे दाणे उचलत नाही’ या नोंदीवरून डोळे तपासायला हवेत हे कळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्राच्या तपासणीला जाताना पालकांनी ही वही बरोबर न्यावी, कारण अनोळखी खोलीत मूल बुजते आणि घरी सहज जमणारे कामही तिथे करून दाखवत नाही.