सामान्य प्रेक्षकाने चित्रपटाविषयी स्पष्ट मत कसे लिहावे

ज्याने चित्रपटकलेचे शिक्षण घेतलेले नाही, ज्याला कोणत्याही वृत्तपत्रासाठी परीक्षण लिहायचे नाही आणि जो स्वतःच्या पैशाने तिकीट काढून चित्रपट पाहतो, अशा प्रेक्षकाच्या मताला एक वेगळे मोल आहे, कारण त्याला कोणाची मर्जी राखायची नसते. परंतु मर्जी राखायची नसली म्हणजे मत आपोआप स्पष्ट होते असे नाही. ‘रटाळ आहे’, ‘जबरदस्त आहे’, ‘डोक्यावरून गेला’ एवढ्यातून लिहिणाऱ्याची मनःस्थिती कळते. चित्रपटाविषयी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. माझ्या दृष्टीने स्पष्ट मताची कसोटी एकच आहे. ते वाचून, तुमच्याशी अजिबात न पटणाऱ्या माणसालाही हा चित्रपट आपल्याला आवडेल की नाही, हे ठरवता आले पाहिजे. पुढील सर्व सूचना या कसोटीतूनच निघालेल्या आहेत आणि बहुतेक वाचकांनी पाहिलेले असतील असे मराठी चित्रपट मी उदाहरणांसाठी घेतले आहेत.

चित्रपट पाहण्यापूर्वी त्याविषयी शक्य तितके कमी वाचावे. कथासूत्र आणि कलाकारांची नावे कळली तरी पुरे. इतरांची मते एकदा डोक्यात शिरली की आपण पडद्यावर त्यांचाच पडताळा शोधत बसतो. पाहताना टिपणे काढू नयेत, मोबाइल तर मुळीच हातात घेऊ नये. घरी परतल्यावर, शक्यतो त्याच रात्री, जे जे आठवते ते क्रम न लावता कागदावर उतरवावे. एखादा चेहरा, खोलीतला प्रकाश, एखादी लांबलेली शांतता, मध्यंतरापूर्वी आलेली चुळबूळ, असे काहीही चालेल. दुसऱ्या दिवशी ही यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. ज्याची आपण घरच्यांपाशी तोंडभरून स्तुती केली त्यातले यादीत फारसे काही नसते आणि ज्याचा उल्लेखही केला नव्हता असा एखादा प्रसंग तिथे ठळकपणे बसलेला असतो. लेखनाची सुरुवात त्या प्रसंगापासून करावी.

आता मुख्य काम, म्हणजे निर्णयाच्या शब्दाखाली दडलेले निरीक्षण शोधणे. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. 2015 साली तो चित्रपटगृहांत आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि तरीही अनेक प्रेक्षकांनी ‘फारच संथ’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवला. हा शेरा खोटा नाही, पण तो अपुरा आहे. नेमके काय संथ आहे? कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो, न्यायालयातील माणसे त्याच्यासमोर येतात, बोलतात, निघून जातात, आणि काम संपल्यावरही दृश्य लगेच तुटत नाही. सरकारी वकिलाच्या भूमिकेतील गीतांजली कुलकर्णी कायद्याची लांबलचक कलमे एका सुरात, श्वास न घेतल्यासारख्या वाचून दाखवतात. त्याच बाई संध्याकाळी लोकलमधून घरगुती गप्पा मारत घरी जातात आणि स्वयंपाकाला लागतात. शेवटाकडे न्यायालय सुटीसाठी बंद होते, माणसे बाहेर पडतात, दिवे एकामागून एक मालवले जातात आणि पडद्यावर पूर्ण अंधार होईपर्यंत आपल्याला त्या रिकाम्या दालनाकडे पाहत राहावे लागते.

हे सर्व लिहून झाल्यावर मग आपले मत द्यावे. माझे मत असे की हा वेळ वाया गेलेला नाही, कारण एका वृद्ध लोकशाहिरावर, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप ठेवून खटला चालतो, तेव्हा त्या खटल्यातील खरी शिक्षा तारखांमागून जाणाऱ्या तारखांचीच असते, आणि ती प्रेक्षकालाही भोगायला लावण्यासाठी दिग्दर्शकाने हा मार्ग निवडला आहे. तुमचे मत याच्या अगदी उलट असू शकते. ती गोष्ट पहिल्या अर्ध्या तासात कळली, पुढे तिची पुनरावृत्ती झाली, असेही कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे मला मान्य नसले तरी प्रामाणिक आहे. महत्त्वाचे एवढेच की दोघांनीही तेच अंधारे दालन वाचकासमोर ठेवलेले आहे. ते वर्णन वाचून ज्याला ओढ वाटेल तो जाईल. ज्याला वाटणार नाही त्याची संध्याकाळ वाचेल.

अभिनयाविषयी लिहितानाही हीच रीत वापरावी. ‘दमदार अभिनय’, ‘भूमिकेला न्याय दिला’ ही वाक्ये कोणत्याही नटाला, कोणत्याही चित्रपटात चिकटवता येतात आणि म्हणून ती गाळावीत. त्याऐवजी नटाने काय केले ते एका वाक्यात सांगावे. 1988 सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये अशोक सराफ यांचा धनंजय माने गोंधळाच्या प्रत्येक वळणावर, आपण अतिशय व्यवहारी आणि शहाणा माणूस आहोत, अशा थाटात वावरतो, विनोद होतो आहे याची त्याला खबरच नसते. आजूबाजूची पात्रे जितकी घाबरतात तितका तो थंडपणे पुढची थाप रचतो, आणि माझ्या मते चित्रपटाचा सगळा तोल त्या थंडपणावर उभा आहे. विनोदी चित्रपटांना ‘टाइमपास’ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी हे एकदा लिहून पाहावे. हसू नेमके कशामुळे आले हे सांगणे करुण प्रसंगाचे वर्णन करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. या चित्रपटातले स्त्रीवेषातील पुरुष पाहून सर्वांनाच पूर्वीइतके निखळ हसू येईल असे नाही. ते येत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. त्यामुळे सराफांच्या कामगिरीचे मोल कमी होत नाही.

प्रत्येक चित्रपट त्याने स्वतः हाती घेतलेल्या कामाच्या मापाने मोजावा, हे तत्त्व बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून अवघड आहे ते विषय आणि चित्रपट यांना वेगळे ठेवणे. आपल्याकडे संत, इतिहासपुरुष, शेतकऱ्याचे दुःख किंवा आई-मुलाचे नाते यांवरील चित्रपटाला वाईट म्हणताना जीभ अडखळते, कारण विषयाचाच अनादर होईल असे वाटते. हा संकोच सोडल्याशिवाय स्पष्ट मत लिहिताच येणार नाही. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (2004) पाहा. डोळ्याच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नातवाला घेऊन आजोबा कोकणातून शहरात येतात. शस्त्रक्रियेने जीव वाचणार, पण दृष्टी जाणार, हे त्यांना कळते. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान या चित्रपटाने मिळवून दिला. ही कथा ऐकूनच डोळ्यांत पाणी येते, आणि म्हणूनच स्वतःला विचारावे लागते की आपल्याला रडवले ते त्या मुलाच्या नशिबाने की चित्रपटाने. माझे उत्तर असे आहे की रुग्णालयातील काही संभाषणे आपल्याला माहिती पुरवण्यासाठी लिहिल्यासारखी वाटतात, आणि तिथे मला केवळ कथेने धरून ठेवले. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला कोणालाही न सांगता रुग्णालयाबाहेर नेतात आणि जेवढे दाखवता येईल तेवढे जग त्याला दाखवतात, तो भाग निखळ चित्रपटाचा आहे. तिथे अरुण नलावडे यांना बोलायला फार थोडे आहे. मुलगा जे पाहतो ते आपणही पाहू लागतो आणि त्या साध्या गोष्टींचे वजन कोणी न सांगता कळते.

राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पुरस्कार, पहिल्या आठवड्याची कमाई, चित्रीकरणात सोसलेले कष्ट यांचा उल्लेख करायचा असल्यास एखाद्या वाक्यात करावा. त्यांवर मत उभारू नये.

कथेविषयी किती सांगावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मध्यंतरापर्यंतचा सारांश लिहून मग दोन ओळींत शेरा देण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण सारांश कोणीही देऊ शकतो. तुमच्या मुद्द्याला जेवढी कथा लागेल तेवढीच सांगावी. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (2016) विषयी लिहिताना शेवट न सांगताही मुख्य मुद्दा मांडता येतो. पूर्वार्धात विहीर, ऊस, क्रिकेट आणि अजय-अतुल यांची गाणी आहेत; उत्तरार्धात पळून गेलेली दोघे हैदराबादच्या वस्तीत पोचतात आणि गाणी थांबतात. पुष्कळांना हा दुसरा भाग लांबलेला वाटला. मला मात्र तोच चित्रपटाचा कणा वाटतो, कारण घरात कधी कामाला हात न लावलेली आर्ची तिथे भाषा, पैसा, भांडण आणि संशय यांच्याशी झगडत संसार शिकते, आणि प्रेमपटांत सहसा गाळले जाणारे हे दिवस दिग्दर्शकाने पूर्ण दाखवले आहेत. शेवटाविषयी, तिथे ध्वनीचा वापर कसा केला आहे याकडे कान द्यावा, एवढे सांगितले तरी पुरे. ज्यांना शेवटाची चर्चा करायची आहे त्यांनी तसे आधी स्पष्टपणे लिहून मग करावी.

चित्रपटातील बोलीला ‘अशुद्ध’ किंवा ‘गावंढळ’ म्हणणे, नटाचा रंग, अंगकाठी किंवा आडनाव यांवरून शेरे मारणे, याला स्पष्टपणा म्हणता येत नाही. बोली त्या पात्राला आणि त्या गावाला शोभते का, एवढाच प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे.

आपण कोठून पाहत आहोत, हे सांगणे मात्र आवश्यक आहे, आणि याचे कारण मंजुळे यांच्याच ‘फँड्री’तील एका प्रसंगावरून चांगले समजते. कचरू माने आपल्या कुटुंबासह गावातले डुक्कर पकडतो आहे. शाळेतली मुले कुंपणाशी जमून हसत आहेत, आणि ज्या मुलीसाठी कचरूच्या मुलाचा, जब्याचा, जीव झुरतो तीही पाहत आहे. एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. चित्रपटगृहात या ठिकाणी काही प्रेक्षक हसतात आणि काहींना घशाशी आवंढा येतो, आणि हा फरक केवळ अभिरुचीचा नाही. कोणी लहानपणी कुंपणाच्या कोणत्या बाजूला उभे होते, त्यावर तो बराचसा अवलंबून आहे. म्हणून अशा चित्रपटाविषयी लिहिताना, ‘मी शहरात वाढलो, हे जग मी बाहेरून पाहिले’ असे एक वाक्य लिहिले तर मत दुबळे होत नाही. वाचकाला ते किती धरून चालायचे याचा अंदाज येतो.

पूर्वपरिचयाचेही तसेच आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे नाटक 1967 साली रंगभूमीवर आले आणि त्यातील खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांनी गाजवले. 2015 सालच्या चित्रपटात ती भूमिका सचिन पिळगांवकर यांनी केली आणि त्यांच्यासाठी गायले ते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. ज्याच्या कानात जुनी पदे बसलेली आहेत त्याचे आणि ही गाणी प्रथमच ऐकणाऱ्याचे मत सारखे असणे शक्य नाही. दोन्ही मते ग्राह्य आहेत. आपले कोणते, एवढे सांगून टाकावे. चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिला, दूरदर्शन संचावर जाहिरातींसह पाहिला की प्रवासात मोबाइलवर, हेही नोंदवावे. ‘कोर्ट’मधला तो अंधार मोबाइलवर पाहिला तर बॅटरी संपल्यासारखा दिसतो.

जुन्या चित्रपटांबाबत दोन टोके टाळावीत. ‘त्या काळच्या मानाने चांगला’ असे म्हणून पाठ थोपटू नये आणि अभिजात आहे म्हणून नमस्कार करून मोकळेही होऊ नये. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 सालचा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातील चमत्कारांची दृश्ये आज पाहताना त्यांची जुळणी डोळ्यांना जाणवते, हे मोकळेपणाने लिहावे. त्याच चित्रपटातील गौरी यांची जिजाई मात्र तिळभरही जुनी झालेली नाही. घरात दाणा नाही, मूल आजारी आहे, नवरा अभंगांत रमलेला आहे, आणि ती बाई तडक देवळात जाऊन विठ्ठलालाच जाब विचारते. तिचा राग खरा आहे आणि दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी त्याची कुठेही थट्टा केलेली नाही. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकारामाची शांती मला पटते ती तिच्या या आरड्याओरड्यामुळे, आणि कोणी मला या चित्रपटाची शिफारस करायला सांगितली तर मी जिजाईपासूनच सुरुवात करीन.

लिहून झालेले मत एक दिवस बाजूला ठेवावे आणि मग प्रत्येक विशेषणापाशी थांबून, याच्या शेजारी पडद्यावरची एखादी गोष्ट लिहिली आहे का, हे तपासावे. नसेल तर ती लिहावी किंवा विशेषण काढून टाकावे. तारांकने देण्याची सवय असेल तर ती सर्वांत शेवटी द्यावीत, कारण आधी दिली की मजकूर त्यांचे समर्थन करू लागतो. काही वर्षांनी तोच चित्रपट पुन्हा पाहून मत बदलले, तर जुने खोडू नये. त्याखाली नवे मत तारखेसह लिहावे आणि या वेळी कोणता प्रसंग वेगळा दिसला ते सांगावे.