वर्षाला एक वार पुरतो

तारखेवरून वार काढायला मी वर्षभरात एकच वार पाठ करते. त्याला मी खुंटीचा वार म्हणते. मूळ युक्ती गणितज्ञ जॉन कॉनवे यांची. २०२६ साली हा वार शनिवार आहे.

४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर. जो महिन्याचा आकडा तोच तारखेचा, आणि पाचही दिवशी तोच खुंटीचा वार. कारण मोजून बघा, फार सुंदर आहे: यातल्या दर दोन तारखांमध्ये ६३ दिवस, म्हणजे बरोबर नऊ आठवडे. म्हणून वार हलतच नाही.

मधल्या महिन्यांसाठी उलटसुलट जोड्या आहेत. ९ मे आणि ५ सप्टेंबर, ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर. नऊ-पाच, सात-अकरा एवढंच घोकायचं. आधी तारीख की आधी महिना याचा गोंधळ झाला तरी बिघडत नाही, कारण दोन्ही बाजूंनी उत्तर खरंच येतं. मार्चमध्ये १४ तारीख, फेब्रुवारीत महिन्याचा शेवटचा दिवस, जानेवारीत ३ तारीख (लीप वर्ष असेल तर ४).

आता २० ऑक्टोबर २०२६ घ्या. १० ला शनिवार, म्हणून १७ लाही शनिवार, पुढे तीन दिवस: मंगळवार. झालं.

नवं वर्ष लागलं की खुंटी एक वार पुढे सरकवायची, लीप वर्षात दोन. २०२७ ला रविवार, २०२८ ला मंगळवार. शतकाच्या वर्षी मात्र जपून: ४०० ने भाग गेला तरच लीप. २००० होतं, १९०० नव्हतं.

महिन्याचे दिवस मुठीच्या उंचवट्यांवर मोजणं बहुतेकांना येतंच. जुलैचं शेवटचं हाड झालं की ऑगस्टला पुन्हा पहिल्या हाडावर यायचं, म्हणून दोघांचेही ३१.

घड्याळाचं दुखणं वेगळं. १७:०० म्हणजे सात असं धरून मी एकदा दोन तास उशिरा पोचले होते, तेव्हापासून दोन वजा केल्याशिवाय वेळ वाचत नाही. १७ मधून दोन गेले १५, त्यातला एकं स्थानचा ५, म्हणजे पाच वाजले. २० चे १८, म्हणजे आठ. २२ आणि २३ ला तेवढं २० आणि २१ येतं. तिथे दहा वजा करून दहा आणि अकरा म्हणायचं.

आणि मुलांना ‘पावणेतीन’ शिकवताना कृपा करून आधी काटे दाखवू नका, शब्द फोडून दाखवा. माझा भाचा पावणेतीनला सव्वातीनच समजायचा. पावणे म्हणजे पाव उणे: तीनला पाव तास कमी. सव्वा म्हणजे पावासकट. हा शब्द ‘सपाद’वरूनच आला. अडीच आला ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. हे कळल्यावर त्याने ‘साडेदोन’ म्हणणं आपणहून सोडलं, आणि दीड कुठून आला ते विचारायला लागला.