कालव्याच्या फाट्याचा आणि नावाड्यांचा इतिहास कसा लिहावा

गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२. त्यावरच्या आपल्या गावच्या फाट्याचा, म्हणजे कालव्याच्या शाखेचा, इतिहास लिहायचा, तर आधी फाट्यावर जा. कालव्याच्या काठावरचा किलोमीटरचा दगड आणि दारांची संख्या वहीत उतरवा, फोटो काढा. चुना गेलेली अक्षरं दुपारी दिसत नाहीत. कलत्या उन्हात जा, दगडावर पाणी मारा, खाचा उठून दिसतात.

तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, काढा. कालव्यात गेलेली जमीन भूसंपादनाच्या फेरफारात सापडते. मराठवाड्यात जुन्या कागदांवर फसली साल, म्हणजे महसुलाचं जुनं वर्ष, असतं, त्यात ५९० मिळवा म्हणजे इसवी सन येतं. महिना पाहिला नाही तर हिशेब एका वर्षानं चुकतो, कारण फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. निजामकाळातला उर्दू कागद मात्र जाणत्याकडूनच वाचून घ्या.

खरं मोल माणसांचं आहे. धरणाआधी गोदावरीवर नाव चालवणाऱ्या भोई-कोळी घरांतल्या म्हाताऱ्यांकडे कागदांच्याही आधी जा, कागद कुठं पळत नाहीत. “कोणत्या साली?” असं विचारलं की अंदाजानं उत्तर येतं. “बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?” असं विचारा. धरणाची पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चं. या दोन खुणांमध्ये बहुतेक आठवणी बसवता येतात. नाव कुठल्या घाटावरून सुटायची, उतारू पैसे द्यायचे की बलुत्यासारखं धान्य, पाणी चढल्यावर फेरी कोण थांबवायचं, हे नक्की विचारा. एकाच घरावर विसंबू नका, निदान तिघांचं जुळवा. जुळलं नाही तर तिन्ही लिहा, नावांसह, त्यांना विचारून.