लाल पेनाचा राग धरू नका: फीडबॅक घेताना या चुका टाळा

भोसरीतल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे मशिनला लागणारे साचे-फिक्स्चर बनवणाऱ्या विभागात, मी ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा 'फीडबॅक' हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नसे. ड्रॉइंग चेकरकडे, म्हणजे ते तपासणाऱ्याकडे, जायचं आणि लाल होऊन परत यायचं. आता मी स्वतः चेकिंग करतो, दर मार्चला पोरांचे अप्रेजल फॉर्मही भरतो. चुका मात्र त्याच त्या बघतोय. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

गोल केला तेवढंच दुरुस्त करणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून आधी हीच.

पहिल्याच वर्षी एका मिलिंग फिक्स्चरचं, म्हणजे मशिनवर जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग) पकडून ठेवणाऱ्या साच्याचं, ड्रॉइंग केलं होतं. बेस प्लेटवर लोकेटिंग ब्लॉक बसवायला १२ एमएमच्या सहा डॉवेल पिना, म्हणजे ब्लॉकची जागा पक्की करणाऱ्या घट्ट पिना. भोकांना एच सेव्हन टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) व्यवस्थित टाकलेला, पण सहाही भोकं ब्लाइंड, म्हणजे आरपार न गेलेली. चेकरसाहेबांनी एका भोकाभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, "पिन काढणार कशी?" मी ते भोक खालून ८ एमएमने आरपार केलं, म्हणजे मागून पंच घालून पिन ठोकून काढता येईल. रिव्हिजन टाकली, प्रिंट काढली, मोकळा झालो.

ट्रायलला जॉब तीन दशांश एमएमने सरकलेला निघाला. ब्लॉक काढून ग्राइंड करायचे होते. एक पिन लगेच आली. उरलेल्या पाच हलायला तयार नाहीत, कारण घट्ट बसलेली पिन ब्लाइंड भोकातून काढायची तर तिला पकडायला काही नसतं आणि मागून ठोकायला वाट नसते. फिटरमामांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. अख्खा फिक्स्चर चेनब्लॉकने उचलून उलटा केला आणि खालून पाच भोकं मारली. दीड दिवस गेला आणि मशिन तेवढा वेळ उभी राहिली.

मला वाटलं, आता चेकरसाहेब फाडून खाणार. ते एवढंच म्हणाले, "अरे, मी एका भोकाला गोल केला. सहाही भोकांना मीच गोल करायचे तर डिझायनर कोण, तू का मी?"

तेव्हापासूनची माझी सवय अशी: लाल खूण दिसली की आधी ती दुरुस्त करत नाही. तीच चूक त्याच शीटवर आणखी कुठे आहे ते शोधतो, मग आधीच्या दोन ड्रॉइंगमध्ये बघतो, आणि सगळ्यात शेवटी गोल केलेल्या जागेला हात लावतो. वहीच्या मागच्या पानावर एक यादी आहे, 'चेकरकडे जाण्यापूर्वी'. तिची पहिली ओळ अजूनही 'पिन निघेल का?' हीच आहे.

नवीन पोरांना ही यादी तयार हवी असते. "सर, तुमचीच द्या ना, फोटो काढतो." देत नाही. माझ्या चुकांची यादी घेऊन तू काय करणार? स्वतःच्या चुका कर आणि लिही.

"पण सर..."

वाक्य पूर्ण व्हायच्या आत येतो हा 'पण'. वेळ कमी होता, कस्टमरने थ्री-डी मॉडेल उशिरा दिलं, आधीच्या ड्रॉइंगमध्येही असंच होतं. सगळं खरं असेल. पण समोरच्याला दोन-तीनदा 'पण' ऐकवलात की चौथ्यांदा तो सांगायचंच सोडून देतो. गुपचूप स्वतः दुरुस्त करतो आणि चांगलं काम दुसऱ्याला देतो. तुम्हाला वाटतं, आपल्या ड्रॉइंगला आता खुणा कमी येतात! मी लिहून घेतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी देतो. रात्रीत निम्मे 'पण' आपोआप गळतात.

रेटिंगलाच फीडबॅक समजणं

रेटिंग हा आकडा आहे आणि तो बऱ्याचदा तुमच्या साहेबाच्या हातातही नसतो. वर 'नॉर्मलायझेशन' नावाची कात्री चालते. इतके वर, इतके मधे, इतके खाली. हे खूळ जॅक वेल्च प्रमुख असतानाच्या काळात जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने गाजवलं: २० टक्के वरचे, ७० मधले, १० खालचे. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली अशी वाटणी सोडून दिली, अ‍ॅडोबीने त्याच्या आदल्या वर्षी वार्षिक अप्रेजलच बंद केलं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ते अजून चालूच आहे. तेव्हा तीन मिळाले म्हणून आठवडाभर तोंड पाडून बसू नका आणि चार मिळाले म्हणून पेढेही वाटू नका. पगाराची चर्चा चालू असताना कुणाच्याच कानात दुसरं काही शिरत नाही. कामाबद्दल विचारायचं तर जुलैत विचारा, काम टेबलावर असताना.

मोघम शेरा तसाच घरी नेणं

आमच्याकडच्या एका मुलाला शेरा मिळाला, 'ओनरशिप कमी पडते'. त्याने आठ हजार भरून वीकेंडचा लीडरशिप कोर्स केला. मी त्याच्या साहेबाला चहावर विचारलं, तर प्रकरण भलतंच. पोरगा व्हेंडरला ड्रॉइंग मेल करायचा आणि पुढे फोन करून 'मिळालं का, कळलं का' एवढंही विचारायचा नाही. दोन मिनिटांच्या फोनची गोष्ट होती, त्यासाठी दोन शनिवार-रविवार गेले.

असा शेरा मिळाला की एकच विचारा, "गेल्या महिन्यातला एखादा प्रसंग सांगाल का?" सांगता आला तर काम मिळालं. नाही आला तर शेरा फॉर्म भरण्यापुरता होता, सोडून द्या. 'तू निष्काळजी आहेस' या वाक्यावर काहीच करता येत नाही, 'तिसऱ्या व्ह्यूला डेटम (मापं जिथून मोजायची तो संदर्भ) नाही' यावर येतं. क्लुगर आणि डेनिसी या दोघा संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे ढीगभर प्रयोग एकत्र करून तपासले. एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून माणसावर गेलं की हे व्हायची शक्यता वाढते, असा त्यांचा मुद्दा. आमच्या चेकरसाहेबांनी तो पेपर वाचलेला नाही, तरी त्यांना हे माहीत होतं.

बाकीच्या, थोडक्यात

फक्त साहेबालाच विचारणं. तुमचं काम पुढे ज्याच्या हातात जातं, त्याला विचारा. तो खोटं बोलत नाही, त्याला वेळ नसतो.

"काही फीडबॅक?" असं दारात उभं राहून विचारणं. उत्तर "छान चाललंय" हेच येणार.

सेल्फ अप्रेजल चॅटजीपीटीकडून लिहून घेणं. यंदा माझ्याकडे तिघांचे फॉर्म आले, तिघेही 'सातत्याने मूल्यवर्धन' करत होते. कोणी काय केलं ते मलाच हुडकावं लागलं.

सुधारणा करून गप्प बसणं. लोक तुम्हाला जुन्याच चुकीने ओळखत राहतात. दोन महिन्यांनी ज्याने सांगितलं होतं त्याला नवीन ड्रॉइंग दाखवा.

आणि दोन साहेबांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या तर? एकाला पटवून दुसऱ्याला टाळायला जाऊ नका. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा दोघांना एकाच टेबलाशी बसवलं, मधे ड्रॉइंग पसरलं आणि पेन दोघांच्या मधोमध ठेवून दिलं. चहा दोनदा मागवावा लागला.